भिंतीतली डबी

भिंतीला छन्नी लावण्याआधी कादरभाई वायरमन तिच्यावर गाल टेकवत. डोळे मिटून इतका वेळ उभे राहत, की घरातल्या माणसांना धडकी भरे.

पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत वीज घ्यायची ठरली, तेव्हा माझ्या पत्नीला, सुमतीला, आठवा महिना होता. बाळंतपण घरीच व्हायचं होतं आणि कंदिलाच्या उजेडावर सुईणीचा भरवसा नव्हता. मी शाळामास्तर. विजेनं माणूस मरतो, एवढंच मला ठाऊक.

बटणासाठी भिंतीत बसवायच्या तीन डब्या कादरभाईंनी माझ्यापुढे मांडल्या. "लाकडाची नको, ओलीनं फुगते. पातळ पत्र्याची विटांत चेपते. आत तार दबली की काम तमाम."

"कोणाचं?"

"पहले तारेचं," ते शांतपणे म्हणाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जाड लोखंडी डबी ठरली. विटा फोडून त्यांनी ती चुन्यात बसवली आणि पट्टी लावून पाहिली. गिलाव्याच्या सूतभर बाहेर! काढली. पुन्हा बसवली, तर सूतभर आत. पुन्हा काढली.

"सूतभरानं काय होतंय?"

"फटीत मुंग्या जातात, मास्तर. मुंग्यांच्या मागं पाल येते."

तिसऱ्यांदा मनासारखी बसली. दोन दिवसांनी वीज जोडायची, तर त्या सकाळी कादरभाईंनी गाल टेकवला आणि छन्नी काढली. "गार लागते. फोडतो."

माझा तोल सुटला. "अहो, दिवस भरत आलेत! आजच जोडा, नाहीतर दुसरा वायरमन आणतो."

"आणा. मी दारातून हलणार नाय." आणि ते खरंच उंबऱ्यावर बसले.

"फोडू द्या त्यांना," सुमती आतून म्हणाली.

डबी निघाली तेव्हा मागच्या विटा ओल्याचिंब होत्या. शेजारच्या मोरीचं पाणी झिरपत होतं. त्याच भिंतीला टेकून सुमतीची खाट होती.

कादरभाईंनी समोरच्या कोरड्या भिंतीत सगळं नव्यानं केलं. आठवड्यानं विजेच्या दिव्याच्या उजेडात मुलगी झाली.

मग दर गुरुवारी ते डबी बघायला येऊ लागले. भिंतीला गाल, एक कप चहा, पाळण्याला चार झोके. काहीतरी बिघाड आहे आणि हा माणूस लपवतोय, या धास्तीनं मी वाळत चाललो. अखेर सुमतीनंच सांगितलं, "बीबी गेल्यापासून नाशिक रोडच्या खोलीत एकटेच असतात ते. बोलायला कोणी नाही."

पुढच्या गुरुवारी त्यांनी डबी पुष्कळ वेळ न्याहाळली. खोड काही सापडेना. "झाकणाचा एक स्क्रू ढिला वाटतो," ते खाली बघत पुटपुटले. "पेचकस आणला नाय आज."

"मग पुढच्या गुरुवारी या. जेवायलाच या," सुमती म्हणाली.

ते गेल्यावर मी पाहिलं. स्क्रू पक्का होता. मी मेन बंद केला, दोनदा खात्री केली, आणि तो अर्धा आटा सैल केला.