पाचच्या आतली सीट

आमच्या आळीत कॉलेजचा फोन वाजला, की तो आईबापांच्या आधी भाऊ मयेकर घेतात. घर कुणाचं, पोर कुणाचं, याच्याशी संबंध नाही. बारावीचा निकाल लागला की लुंगी सावरत, गळ्यात जुनी शिट्टी अडकवून दारोदार बजावत फिरतात, "कॉलेजवाल्यांचा फोन आला तर मला हाक मारायची. पोरांना घाबरवू द्यायचं नाय."

भाऊ म्हणजे एस.टी.चे निवृत्त कंट्रोलर. ते स्टँडवर 'गुहागर लागली' म्हणून ओरडले, की गुहागरातली माणसं पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवायची. हे मी वाढवून सांगत नाही, कमीच सांगतोय. जन्मभर लोकांना गाड्यांमागे धावताना पाहून त्यांचा एक सिद्धांत झाला होता, "शेवटची गाडी असं काय नसतं. पहाटेची असतेच."

गेल्या जूनमध्ये आमच्या केतकीला फोन आला. घाटावरच्या कुठल्याशा खासगी कॉलेजातल्या मॅडम. दोनच सीट उरल्यात, आज पाचच्या आत पैसे भरा, नाहीतर वर्ष गेलं समजा. केतकीला इथेच राहून बी.एस्सी. करायचं होतं आणि इथली यादी परवा लागायची होती. पण सकाळपासून सहा फोन झाले. पोरगी घास गिळेना. बायको म्हणाली, भरून टाका. मी बँकेचं ॲप उघडून अंगठा टेकवायच्या बेतात. असा मी शूर.

साडेचारला सातवा फोन आला आणि भाऊ आमच्या पडवीत उगवले. माझ्या हातातून फोन घेऊन ते झोपाळ्यावर बसले.

वर्गात एकूण सीट किती, खिडकीच्या किती, उरलेल्या दोन पुढच्या की चाकावरच्या, अशी त्यांनी चौकशी मांडली. चाकावर बसलं की आमच्या बायोला मळमळतं, म्हणाले. मॅडमनी तीनदा सांगितलं, पाच वाजत आलेत. भाऊंनी तीनदा विचारलं, तुम्ही जेवलात का. मग गाव कुठलं, घरी कोण कोण, आईला रोज फोन करता ना. पाच वाजले. सव्वापाच झाले.

"आता गेली असेल ना हो सीट?" भाऊंनी विचारलं.

पलीकडून दमलेला आवाज आला, "तुमच्यासाठी ठेवलीय सर. उद्या अकरापर्यंत."

भाऊंनी फोन ठेवला आणि अशी शिट्टी फुंकली, की मिरजोळ्यापर्यंतचे कावळे उडाले. "ऐकलंस ना गो बायो? सुटलेली गाडी परत फलाटावर लागली. जेव आता."

केतकीने त्या संध्याकाळी टोपभर भात संपवला. तिसऱ्या दिवशी इथल्या यादीत तिचं नाव होतं.

जुलै सरत आला. आळीतले फोन थांबले, तसे भाऊ दिसेनासे झाले. एका दुपारी केतकीच्या आईने त्यांच्यासाठी अळूवड्यांचा डबा दिला, तो घेऊन गेलो. भाऊ पडवीत पाठमोरे बसले होते, फोन स्पीकरवर.

"प्रशांतचे बाबा ना?" एक मुलगी विचारत होती. "तुम्ही आमच्या कॉलेजचा ऑनलाइन फॉर्म भरला होतात."

"हो. मीच भरला."

प्रशांत त्यांचा एकुलता एक. त्याची बारावी होऊन पंधरा वर्षं झाली. त्यालाही असाच पाचच्या आतला फोन आला होता, आणि तो नको नको म्हणत असताना भाऊंनीच त्याला ओढत नेऊन गाडीत बसवलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडलं. आता सुरतेकडे असतो. गणपतीलाही येत नाही, फोनही करत नाही. आळीत हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी विषय काढत नाही.

"प्रशांतला स्वतःला कशाची आवड आहे?" मुलीने विचारलं.

"त्याला मासळीचं शिकायचं होतं." स्टँड हलवणारा तो आवाज मला पायरीवर जेमतेम ऐकू आला.

"मग त्यालाच द्या ना फोन."

"जरा बाहेर गेलाय. येईल."

मी डबा पायरीवर ठेवला आणि चपला हातात घेऊन मागे वळलो.

"मी पाचच्या आत परत फोन करते सर, कारण नंतर सीट..."

"पाच वाजून गेले तरी करा," भाऊ म्हणाले. "मी हाय इथंच."