पावतीकाकांचं हरवलेलं दुःख

आपण लिहिलेलं कोणालाही, अगदी कोणालाही ओळखता येणार नाही, अशी पावतीकाकांची पक्की खात्री होती. आणि पावतीकाकांची खात्री म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे, मंडळी! बस डेपोच्या स्टोअरच्या खिडकीत बावीस वर्षं बसलेला माणूस. त्या खिडकीतून साधा वॉशर बाहेर जायचा तरी आधी जुना वॉशर आत यायचा, मग चिठ्ठी, मग सही, आणि सही वाचता आली नाही तर परत सही. एकदा वर्कशॉपमध्ये धूर झाला, तेव्हा आग विझवायचं नळकांडं न्यायला धापा टाकत आलेल्या माणसालाही त्यांनी विचारलं होतं, "जुनं कुठंय?" तेव्हापासून फिटर मंडळींनी त्यांचं नाव पावतीकाका ठेवलं.

पण देवानं माणसाच्या आत जे भांडार उघडून ठेवलंय, त्याला खिडकीही नाही आणि नोंदवहीही नाही. तिथं काय आलं, कुठून आलं, कोणी सही केली, काही कळत नाही. काकांच्या छातीवर गेले चार महिने सकाळी डोळा उघडल्यापासून कोणीतरी अख्खं इंजिन उतरवून ठेवल्यासारखं वजन असायचं. कारण काही नाही. मुलगा नोकरीला लागलेला, बायको धडधाकट, रक्तदाब तर वरिष्ठांना दाखवावा इतका नीट. तरी दुपारी ते टायरच्या खोलीत जायचे, टायरांच्या थप्पीमागे दहा मिनिटं बसायचे, डोळे पुसायचे आणि खिडकीत येऊन पुन्हा हसायला लागायचे. दिवसाचं सगळं हसू तिथंच संपत असल्यामुळे घरी न्यायला काही उरत नसे. घरी ते गप्प. काकूंचा समज झाला की स्वारीला नवे पडदे आवडलेले नाहीत. चार महिन्यांत त्यांनी दोनदा पडदे बदलले होते.

अशात डेपोत समुपदेशक बाई नेमल्या गेल्या. दर गुरुवारी येणार, तेही तीनच महिने. त्यांची खोली हजेरीच्या खिडकीला लागून, म्हणजे आत कोण गेलं ते अख्ख्या डेपोला दिसणार. त्यामुळे पहिले सहा गुरुवार बाईंनी एकटीनं बसून स्वेटर विणला. गळ्यापर्यंत आल्यावर मात्र त्यांनी सुया ठेवल्या आणि फलकावर सूचना लावली. ज्याच्या मनावर काही ओझं असेल त्यानं आपली गोष्ट लिहावी, नाव घालू नये, तक्रारपेटीत टाकावी. आपल्यातलेच लोक ती रंगमंचावर सांगतील, गातील, रंगवतील. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे तर माझंच आहे. म्हणजे तो दार ठोठावेल.

काकांनी टायरांच्या थप्पीमागे बसून लिहिली. डाव्या हातानं लिहिली. शिवाय त्यांनी असा काही बंदोबस्त केला की बघत राहावं. गोष्टीतला माणूस स्टोअरकीपर नाही, ब्रेकफिटर. एक मुलगा नाही, दोन मुली. रडायची जागा टायरांची खोली नाही, उभ्या बसच्या खालचा खड्डा. आणि मध्ये एक वाक्य घातलं, ज्याच्यावर ते स्वतःच खूश झाले: "नट आवळता आवळता हात मधेच थांबतो, आणि हा हात आपलाच आहे हे आठवायला वेळ लागतो." एकदा लोकांनी गोष्ट ऐकली, की आपण गुपचूप बाईंच्या दारी जायचं, असा बेत होता.

सुट्टीच्या सकाळी वर्कशॉपमध्ये दोन बसगाड्यांच्या मधे कार्यक्रम झाला. सगळे बायकापोरांसह आले होते. गाड्यांवर नंबर रंगवणाऱ्या पेंटरनं मागे भलामोठा काळा पडदा रंगवला होता, त्यात एकच उघडं दार. एक कंडक्टर माउथऑर्गन वाजवत होता. आणि गोष्ट वाचायला उद्घोषणेच्या बाई. एरवी त्यांचा आवाज कोणती गाडी किती उशिरा आहे एवढंच सांगायचा. पण त्या दिवशी त्याच आवाजात एका माणसाचं काळीज उलगडत गेलं, आणि कागद कुरकुरला तरी ऐकू यावा इतकी शांतता पसरली.

हात थांबण्याचं वाक्य आलं आणि मागून ब्रेकची हवा गळावी तसा आवाज झाला. लोकांनी वळून पाहिलं. पैलवान रडत होता. पैलवान म्हणजे डेपोचा ब्रेकफिटर, बसचं चाक लहान मुलासारखं कडेवर घेऊन चालणारा गडी. तो उठला, तीन खुर्च्या आडव्या करत बाहेर निघून गेला.

ब्रेकफिटर. दोन मुली. आता आणखी काय पाहिजे? अख्ख्या डेपोनं एकच सुस्कारा सोडला.

घरी जाताना काकू म्हणाल्या, "बघा. एवढा दांडगा माणूस, पण किती मोकळेपणानं सांगितलं त्यानं. बायको भाग्याची त्याची."

"कशावरून त्यानंच लिहिलं?" काका म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं ते. त्याला मन लागतं."

"आणि मला काय आहे?"

"तुम्हाला पडदे आहेत," काकू म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून पैलवानाचा नुसता थाट. पंख्याखालची खुर्ची त्याची झाली. कॅन्टीनमध्ये पहिला चहा त्याला. जड काम दुसऱ्यानं करायचं, त्यानं फक्त "बरोबर चाललंय" म्हणायचं. जो येईल तो त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारायचा, "कसा आहेस रे?" काका खिडकीतून हे बघत होते. तो "कसा आहेस" त्यांचा होता! त्यांनी लिहिला होता, डाव्या हातानं! आणि तो कुठलीही चिठ्ठी न देता दुसऱ्याच माणसाच्या नावे चालला होता.

बुधवारी काकूंनी डबा भरताना आणखी एक डबा हातात ठेवला. "सूप आहे. त्या पैलवानाला द्या. गरम करून प्यायला सांगा."

"आणि माझं?"

"तुम्हाला काय झालंय?"

काकांनी तो डबा स्वतःच्या हातांनी पोचवला. पैलवानानं तो घेतला, खाली मान घालून म्हणाला, "काकूंना सांगा, फार बरं वाटलं." काका रिकाम्या हातानं खिडकीत परतले.

इकडे समुपदेशक बाईंच्या दारावर यादी लागली होती. गोष्टीनं कामच तसं केलं होतं. सहा गुरुवार रिकामी बसलेली खोली आता भरून वाहत होती. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाल्या मावशी, सगळ्यांनी नावं घातली. काका दोन दिवस "कोणी बघत नसताना लिहू" म्हणून थांबले, आणि तिसऱ्या दिवशी बघतात तर यादी पार शेवटच्या गुरुवारपर्यंत भरलेली. एकच तास शिल्लक होता, आणि त्याच्यापुढे डेपोच्या साहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं: पैलवानासाठी राखीव.

आता मात्र काकांचा धीर सुटला. हा तास गेला तर बाई गेल्या, आणि छातीवरचं इंजिन काही आपोआप उतरणार नव्हतं. ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, ती गोष्ट माझी आहे."

साहेबांनी मान वर न करता बोटं मोजली. "तुम्ही पाचवे."

"म्हणजे?"

"सकाळपासून पाचवे. कॅन्टीनवाला म्हणतो त्याची. टायरवाला म्हणतो त्याची. दोन ड्रायव्हर तर एकमेकांशी भांडत आले होते."

"ते खोटं बोलतायत, साहेब."

"रडत होते हो." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बरं, तुम्ही ब्रेक कधी आवळलाय?"

"नाही."

"मुली किती?"

"एक मुलगा."

"खड्ड्यात कधी उतरलात?"

"गुडघे धरतात."

"मग या गोष्टीत तुमचं आहे काय?"

"दुःख," काका म्हणाले.

साहेब मनानं चांगले. त्यांनी प्रेमानं समजावलं. "काका, ते सगळ्यांनाच असतं. पण तुम्ही बावीस वर्षं हसत बसलेला माणूस. त्या बिचाऱ्याचा तास घ्यायला बघता, हे तुम्हाला शोभतं का?"

काका बाहेर आले ते थेट टायरच्या खोलीत. निदान तेवढी एक जागा तरी आपली आहे, या विचारानं थप्पीमागे वळले, आणि बघतात तो काय, तिथंही पैलवान! टायरावर बसलेला, मांडीवर काकूंचा डबा.

"इथं कशाला आलास?" काका कडाडले.

"लपायला." पैलवान ओशाळला. "दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारतं, कसा आहेस. बरं वाटतं हो, पण उत्तर काय द्यायचं दर वेळी?"

"उत्तर देऊ नकोस. तुला विचारतच नाहीयेत ते. ती गोष्ट तू लिहिलेली नाहीस."

पैलवानानं डब्याचं झाकण लावलं. "नाही लिहिली," तो म्हणाला. "मला चार ओळी लिहिता येत नाहीत, काका. पण आई गेल्यापासून माझा हात असाच थांबतो. पाना हातात, नट समोर, आणि मी कुठंच नाही. हे कोणाला सांगणार? मग परवा त्या बाई वाचायला लागल्या आणि मला वाटलं, कोणीतरी मला बघितलंय. सगळे म्हणाले, ही तुझीच गोष्ट, तर मी नाही कसं म्हणू? नाही म्हटलं असतं तर परत कोणी विचारलं नसतं."

"अरे, पण ती माझी आहे," काका म्हणाले. पण आवाजातली धार गेली होती.

"तुमची?" पैलवानानं डोळे मोठे केले. "तुम्हाला काय दुःख? तुम्ही तर…"

"हसतो. माहीत आहे."

"मग ते हाताचं तुम्हाला कसं सुचलं?"

स्टोअरच्या खिडकीतून समोर काय दिसतं? ब्रेकचा विभाग दिसतो. आणि गेले कित्येक महिने काका रोज बघत होते, की तो आडदांड गडी पाना धरून मध्येच दगडासारखा थांबतो. दिसत होतं. तेच त्यांनी उचललं, गोष्टीत घातलं. दोन मुलीही तिथूनच आल्या. ना विचारलं, ना सही घेतली. आणि थांबलेल्या माणसाला एकदा हाक मारून विचारलंही नाही, की बाबा रे, काय होतंय.

"तुझ्याकडे बघूनच लिहिलं," काका शेवटी म्हणाले. "माफ कर."

पैलवान सरकला, टायरावर जागा केली. दोघांनी सूप अर्धं अर्धं प्यायलं. थंडच होतं.

गुरुवारी बाईंच्या दारात दोघं उभे.

"आधी तुम्ही जा, काका. लिहिलंय तुम्ही."

"तू जा. राखीव तुझं आहे."

"मी तर फक्त रडलो."

"तेच अवघड असतं, जा."

हे असं सात मिनिटं चाललं. हजेरीच्या खिडकीत जमलेली मंडळी आळीपाळीनं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. शेवटी बाईंनीच दार उघडलं, दोघांच्या बाह्या धरल्या आणि दोघांना आत घेतलं. उरलेली त्रेपन्न मिनिटं आत काय झालं ते बाहेर कोणाला कळलं नाही, आणि कळू नये तेच बरं. बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते. बाईंनी काकांना शहरातल्या एका डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली होती आणि एक काम सांगितलं होतं: आज घरी जाऊन बायकोला सांगायचं. गोष्टीतल्या माणसाचं नाही, स्वतःचं.

काकांनी सांगितलं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा समोर बसून सांगितलं. चार महिने, छातीवरचं वजन, टायरांची थप्पी, डावा हात, सगळं. मधे दोनदा अडखळले, एकदा नाक शिंकरलं, एकदा आधी काय सांगितलं तेच विसरले. पडद्यांशी याचा काही संबंध नाही, हे तीन वेळा सांगितलं.

काकूंच्या हातातली घडी कधीच थांबली होती. त्या उठल्या, काकांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. मग पदरानं डोळे टिपले.

"उद्या मी येते बरोबर, डॉक्टरांकडे," त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं, छातीवरचं इंजिन बोटभर तरी उचललं गेलं. आपलं दुःख अखेर आपल्या नावावर जमा झालं. ते म्हणाले, "तुला पटलं ना, की ती गोष्ट मीच लिहिली होती?"

"पटलं ना," काकू त्यांचा हात थोपटत म्हणाल्या. "पण खरं सांगू? पैलवानानं जास्त छान सांगितलं होतं."