पुंजाजीची राहिलेली लग्नं

पुंजाजी इंगळे घरातल्या घरात लग्नाला जातो.

दुपारी आंघोळ करून तो इस्तरीचा पांढरा सदरा घालतो, कानात अत्तराचा फाया ठेवतो, पिवळ्या रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता मुठीत घेतो आणि पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत जातो. अशा वेळी ओट्यावरून कुणी हाक मारली तर आतून उत्तर येतं, "आत्ता नाई जी. लग्नाले जाऊन राह्यलो."

मधल्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, एक जुना व्हीसीआर आहे आणि त्या दोघांची सोयरीक जुळवणारं काडेपेटीएवढं एक यंत्र आहे. व्हीसीआरमध्ये गावातल्या कुणाच्या तरी जुन्या लग्नाची कॅसेट फिरत असते, कॉम्प्युटरमध्ये ती भरत असते आणि समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर पुंजाजी पाहुण्यासारखा ताठ बसलेला असतो. मंगलाष्टकं सुरू झाली की उठून उभा राहतो. 'सावधान' ऐकू आलं की पडद्यावर अक्षता टाकतो. की-बोर्डाच्या फटींत ज्वारी जाऊन बसते, मग संध्याकाळी तो की-बोर्ड उलटा करून सुपासारखा पाखडतो. बौद्ध लग्न असलं तर ती त्याच्या घरचीच रीत. त्रिशरण-पंचशील सुरू होताच हात जोडून उभा, आणि अक्षतांच्या जागी फुलं. निकाह असला की डोक्यावर रुमाल.

आणि पंगत बसली की तो खुर्ची सोडतो, जमिनीवर मांडी घालतो, ताट वाढून घेतो आणि पडद्यावरची पंगत उठेपर्यंत जेवतो. डाव्या हाताला रेक्झिनची एक जुनी तपकिरी पिशवी ठेवलेली असते. त्या पिशवीचं काय, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

आमच्या धामणगाव बढ्यात पुंजाजीला माणूसघाणा म्हणतात. "जिंदगीत कोनाच्या लग्नाले गेला नाही, अन् आता म्हातारपनी जुनी लग्नं लावून राह्यला," असं पानठेल्यावर बोललं जातं. यातलं पहिलं अर्धं वाक्य माझं आहे. मीच ते त्या पानठेल्यावर वर्षानुवर्षं हसत हसत सांगितलं. ते आता मागे घ्यायचं आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

माझी एक बस होती आणि पुंजाजी तिचा ड्रायव्हर होता. एरवी गाडी सहली आणि देवदर्शनं करायची, पण खरी कमाई लग्नसराईत. या भागातली कितीतरी वऱ्हाडं पुंजाजीने राजूर घाटातून सुखरूप चढवली-उतरवली, मांडवाच्या दारात नेऊन सोडली, आणि मांडव मात्र बाहेरून पाहिला. गाडी सोडून जायचं नाही, हा माझा नियम. वऱ्हाडातली पोरं चाकांची हवा सोडतात, आरसे मोडतात. त्याच्या स्वतःच्या नात्यातलं लग्न असलं तरी त्या तारखेला गाडी दुसऱ्याच्या वऱ्हाडाला लागलेली असायची. तो सुट्टी मागायचा, मी "पाहू" म्हणायचो, आणि त्या "पाहू"चा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत असायचा. पुढे लोक विचारायचे, "पुंजाजी नाही आला?" तेव्हा मी सांगायचो, "त्याले मानसाईचा कटाळा हाये."

लग्नांना त्याची बायको जायची. गोकर्णाबाई. एकटीच.

ती वारली त्यानंतर पुण्याच्या मुलाने वडिलांना करमावं म्हणून आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. पुंजाजीने मलकापूरच्या भंगारवाल्याकडून व्हीसीआर उचलला आणि दारोदार फिरायला सुरुवात केली. "लग्नाच्या जुन्या कॅसेटी असतीन तं द्या. फुकट भरून देतो. कॅसेट वापस, वरून पेन ड्राइव्ह. फक्त लगन पुरं पाहीन."

कॉम्प्युटर तो बससारखाच चालवतो. पडदा गोठला की "चढावर बसली" म्हणतो आणि हात मागे बांधून वाट पाहतो. व्हीसीआर तापला की पुठ्ठ्याने वारा घालतो. कॅसेटला पांढरी बुरशी आलेली असली तर ती खोलून सगळी फीत मऊ फडक्यातून हाताने ओढतो. त्यात सकाळ जाते. एकदा मंत्रासारखं त्याने मलाही ऐकवलं, "घाटात घाई नाई, शेटजी." हे त्याचं एकच वाक्य. गाडी चालवतानाही हेच होतं.

तीन तासांची कॅसेट भरायला तीन तास लागतात. पोरं म्हणतात, "काका, लावून द्या अन् निंघून जा ना. आपोआप भरते."

"बलावलेल्या लग्नातून निंघून जाऊ? काऊन? मले काय गाडी धुवाची हाये?"

कुणी सांगतं, "चांगलं चांगलं ठेवा, बाकी कापून टाका." यावर तर तो चिडतो. "लग्नात चांगलं चांगलं काय अस्ते बे? रुसले नाई, भांडले नाई, तं ते लगन व्हय का प्रवचन?"

मधेच वीज गेली तर उरलेलं जोडून घेता येतं, असं त्याच्या मुलाने फोनवरून शिकवलं होतं. पुंजाजीला ते पटलं नाही. अर्ध्यातून लग्न लावायचं नाही. वीज आली की पुन्हा हळदीपासून. एका उन्हाळ्यात सुताराच्या थोरल्याचं लग्न अशा रीतीने एका आठवड्यात तीनदा लागलं. सुताराची सून पेन ड्राइव्ह न्यायला आली तेव्हा हे ऐकून म्हणाली, "काका, मले एक वेळचंच निभवता निभवता नाकी नऊ आले."

भरून झालं की तो त्या जोडप्याला फोन लावतो. अकोल्याच्या एका बाईंना त्याने असाच फोन केला. "बाई, मी पुंजाजी ड्रायव्हर. तुमचं लगन आज पाह्यलं. लय चांगलं झालं. तवा येता नाई आलं, राग मानू नोका. दोघं सुखात राहा." बाईंना नातवंडं आहेत. त्या म्हणाल्या, "थांबा काका, यांना उठवते. यांनाही सांगा."

टोपीची गोष्ट तर पंचक्रोशीत गाजली. एका घरचे मामा लग्नात मानाची टॉवेल-टोपी मिळाली नाही म्हणून पंचवीसेक वर्षं बहिणीच्या दारात पाय ठेवत नव्हते. पुंजाजीला कॅसेटमध्ये ते सापडले. त्याने चित्र थांबवलं, मामांना निरोप धाडून बोलावून आणलं आणि बोट ठेवलं. खांद्यावर कोरा टॉवेल, डोक्यावर कडक टोपी, हातात बुंदीचा लाडू. मामांनी चष्मा पुसला, जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाले, "टॉवेल त्याईचा असन. टोपी माह्या घरची व्हय." मात्र त्या दिवाळीला ते बहिणीकडे जेवून आले.

असं करत करत गावातली जवळजवळ सगळी लग्नं पुंजाजीने उरकली. राहिलं ते माझ्या मुलीचं.

आठवड्यातून दोनदा तो माझ्या दारात उभा. "शेटजी, तुमची पोरगी रायली."

"कॅसेट सापडत नाही रे."

"मी शोधतो. कपाट दाखवा."

दुसऱ्या खेपेला मी म्हणालो, बुरशी लागली. त्याचा चेहरा उजळला. "आना. बुरशीवालीच मले आवडते." तिसऱ्या खेपेला सांगितलं, मुलगी नाशिकला घेऊन गेली. त्याने तिथल्या तिथे माझ्या मुलीला फोन लावला. संध्याकाळी तिचा मला फोन. "बाबा, कॅसेट आपल्या कपाटात आहे. काकांना का देत नाही तुम्ही?" माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कपाटात कोनाचं मुंडकं लपवलं का?"

मुंडकं माझंच होतं. ती कॅसेट मी पूर्वी एकदा पाहिली होती आणि नंतर कुणाला लावू दिली नव्हती.

शेवटी एका दुपारी मी ती घेऊन गेलो. पुंजाजीने ठेवणीतला कोट बाहेर काढला. भर उन्हात.

"एवढं कायले?" मी म्हणालो.

"शेटजीच्या पोरीचं लगन. असं तसं जाता येते का?"

मला त्याने खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला. लग्न सुरू झालं. नवरदेवाचं वऱ्हाड डोणगावहून माझ्याच गाडीतून आणलं होतं. गाडी मांडवासमोर थांबताना दिसली. पुंजाजीने काचेवर बोट ठेवलं, "हा मी." काचेवर शूटिंगवाल्याच्या दिव्याचा नुसता पांढरा गोळा होता. अक्षतांना तो उभा राहिला, मीही राहिलो. माझ्या मुलीवर त्याने ज्वारी टाकली, आणि मला खाली वाकून कुठेतरी पाहावं लागलं.

मग पंगत आली.

तो उठला, सकाळीच भाजून ठेवलेल्या बट्ट्या आणि वरण घेऊन आला, खाली बसला. डाव्या बाजूला ती तपकिरी पिशवी ठेवली.

"पंगतीत काय पाहाचं हाये?" मी म्हणालो. "ने ना पुढं."

"घाटात घाई नाई, शेटजी."

कॅमेरा पंगतीवरून हळूहळू सरकत होता. सगळ्यांच्या कॅसेटींत पंगतीवर सिनेमाची गाणी चढवलेली असत. मी शूटिंगवाल्याशी घासाघीस केली होती, त्यामुळे त्याने गाणी-बिणी काही चढवली नव्हती. भांड्यांचा, माणसांचा, होता तसा आवाज. आणि ओळीच्या मधोमध जांभळ्या लुगड्यात गोकर्णाबाई बसलेल्या. त्यांच्या शेजारी माणूस नव्हता. तिथे तीच तपकिरी पिशवी ठेवलेली, आणि पिशवीपुढे पत्रावळ मांडलेली. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी.

वाढपी पिशवीपाशी अडला. गोकर्णाबाई म्हणाल्या, "वाढा जी. येऊन राह्यले ते, गाडी लावून."

पुंजाजीचा घास हातात राहिला.

पडद्यावर पांढरी टोपी घातलेला, घामाघूम झालेला एक यजमान आला. तो मी. माझ्यामागे बुलढाण्याहून आलेले एक साहेब होते. "हे जागा कायले अडवली, बाई? ड्रायव्हर लोक मागून जेवतात." मी पिशवी उचलली, गोकर्णाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि साहेबांना बसवलं.

त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "मागून तं रोजच जेवतात जी. आज तुमच्या घरचं लगन व्हतं, म्हनून."

कॅमेरा पुढे सरकला.

मी 'ड्रायव्हर' म्हणालो होतो. त्या शब्दामागे दुसराही एक शब्द होता, तो कॅसेटमध्ये आलेला नाही. पण मला तो तेव्हाही ठाऊक होता आणि गोकर्णाबाईंनाही ऐकू आला होता. नंतर पुंजाजीला माणूसघाणा ठरवणं मला त्यामुळेच सोपं गेलं. तो आला नाही म्हटलं की मी येऊ दिलं नाही, हे सांगावं लागत नाही.

मग मीच म्हणालो, "पुंजाजी, तेवढं कापता येते का?"

"येते."

"मंग काप. पोरीकडे जाईन ते."

"जाऊ द्या. लगन तिचं हाये, तिनं पुरं पाहावं." त्याने घास पुन्हा वरणात बुडवला. "अन् मी नाई कापत, शेटजी. बाकी कॅसेटींत ती दिसते, पन वरून गानं वाजते. तिचे होट हालते फक्त. काय म्हनत असन, हे मी सारखा वयखत बसतो." तो पडद्याकडे पाहत होता. "आज समजलं. येऊन राह्यले म्हने."

आणि तो हसला. खरोखर हसला.

"जेवा शेटजी," तो म्हणाला. "पंगत चालू हाये."

मी खुर्चीतून उतरलो. गुडघे आता वाकत नाहीत, भिंत धरून वाकवले. त्याच्या डाव्या बाजूला थोडी जागा दिसली म्हणून तिकडे सरकलो, तर त्याने खरकटा नसलेला हात पटकन पिशवीवर ठेवला.

"तिकडं नोका बसू. ते जागा धरेल हाये." मग तो स्वतःच सरकला आणि उजवीकडची फरशी हाताने झाडली. "इकडून बसा. हाये जागा."

मी बसलो. त्याने माझ्यापुढे ताट ठेवलं, बट्टी कुस्करली, वर वरण ओतलं. पडद्यावरची पंगत अजून उठली नव्हती.