नानांचं छातीठोक भाषण

आमचे शेजारी नाना भाषणाला उभे राहिले की आधी माइकला वाकून नमस्कार करतात. मग डोळे मिटून मनात दहापर्यंत आकडे मोजतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, माणसाला चक्कर आली. पिंपळनेरला एका सत्कारात तर कोणीतरी धावत जाऊन त्यांना पाणी पाजलं. नानांनी ते शांतपणे पिऊन टाकलं आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर नाना धुळ्याला दोन दिवसांच्या वक्तृत्व शिबिराला जाऊन आले, तेव्हापासून हे सुरू झालं. "मास्तर," ते मला दर आठवड्याला ऐकवतात, "भाषण स्वतःचं पाहिजे, छातीठोक पाहिजे आणि लोकांच्या लक्षात राहिलं पाहिजे."

लक्षात तर राहतंच. एका लग्नात 'स्वतःचं' म्हणून त्यांनी नवरानवरीला आशीर्वाद देताना आपल्या मूळव्याधीचं ऑपरेशन सांगितलं, टाक्यांसकट. पंगतीत रश्शाला कोणी हात लावला नाही. एका शोकसभेत त्यांनी छातीठोक सुरुवात केली, "सांगा बरं, आता पुढचा नंबर कोणाचा?" आणि बोट दाखवलं ते पहिल्या रांगेतल्या नव्वदीच्या आबांकडे. आबा दुसऱ्याच दिवशी एरंडोलला मुलीकडे राहायला गेले. हल्ली आमच्याकडे कार्यक्रमाची तारीख धरताना मुहूर्ताआधी नाना गावात आहेत का, ते विचारतात.

यंदा त्यांच्या बायकोचा, विमलअक्कांचा निरोप समारंभ साक्रीला ठरला. अक्का आयुष्यभर डोंगराकडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होत्या. नानांनी आठवडाभर गच्चीवर तयारी केली. भाषण चाळीस मिनिटांचं होतं. त्यात अक्कांचं नाव दोनदा होतं, दुसऱ्यांदा आभारात. मला बळजबरीने सोबत नेलं.

अक्कांच्या खात्याच्या साहेबांनी आधी अक्कांनाच बोलायला बोलावलं. अक्का माइकपाशी गेल्या. हातातला कागद उलगडला. तोंडातून शब्द फुटेना. मागे कोणीतरी हसलं. नाना व्यासपीठावर उठले. आता हे माइक हिसकावणार, म्हणून मी मान खाली घातली.

वर पाहिलं तर नाना खाली उतरले होते. एक प्लास्टिकची खुर्ची ओढून ते थेट अक्कांसमोर बसले.

"विमल, मन्हाकडे देख," ते हळूच घरच्या अहिराणीत म्हणाले. "बठ्ठा लोकस्ले सोड. फक्त माले सांग."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. कागद घडी करून मुठीत धरला.

"घरमा तर माले बोलाले जागाच भेटनी नही," त्या म्हणाल्या.

सभागृह हसून हसून लोळलं. नानाही हसले, जरा उशिरा. मग अक्का बोलू लागल्या. एका पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी गेलं, जीपगाड्या बंद पडल्या. पाड्यावरची एक लहान मुलगी, नुसती हाडं उरलेली. पाणी उतरल्याबरोबर अक्कांनी तिला पाठीशी बांधलं, पिंपळनेरच्या दवाखान्यापर्यंत चालत आणलं आणि दोन दिवस तिच्या उशाशी बसल्या. मुलगी वाचली.

"घरी निरोप धाडला, मिटिंग शे," अक्का म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

टाळ्या थांबल्यावर निवेदकाने नानांचं नाव पुकारलं. नानांनी खुर्चीतूनच हात हलवून नाही म्हटलं.

परतताना काळीपिवळी जीपमध्ये अक्का पुढे बसल्या होत्या, आम्ही दोघं मागे. नाना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मास्तर, ती मिटिंग मला आठवते. ती घरी आल्यावर मी दोन दिवस बोललो नव्हतो तिच्याशी. भाकरी मला थापाव्या लागल्या म्हणून."

जन्मात पहिल्यांदा मला त्यांची टिंगल करावीशी वाटली नाही.

नाना पुढच्या सीटकडे वाकले. "विमल, ती पोरनं नाव काय व्हतं?"

अक्कांनी वळून पाहिलं. खरंच विचारताहेत का, याची खात्री करून घेतली. मग मुलीचं नाव सांगितलं, तिच्या आईचं सांगितलं, मग पाड्यावरच्या एकेका घराचं. आमचं गाव येईपर्यंत त्या बोलत होत्या. नानांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, तेही "मग?" एवढंच विचारायला.