नसलेल्या माणसांचा हुरडा

“पण जी माणसं न्हाईतच, त्यांना हुरडा खायला बोलवायचं कशाला?” मच्छिंद्र आबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

स्नेहलने लॅपटॉपवरून नजर न काढता तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं. “आबा, ती खात नाहीत. नुसतं बुकिंग करतात.”

“खायचं न्हाई तर जागा कशाला अडवायची? भल्या माणसाचं लक्षण न्हाई हे.”

सुनेच्या नोकरीबद्दल आबांचं मत लग्नापासून पक्कं होतं. काम चांगलं आहे, पण ते नेमकं काय आहे हे विचारायला जाऊ नये. स्नेहल पुण्याच्या एका कंपनीत वेबसाइटची लोड टेस्टिंग करायची. एखाद्या साइटवर एकदम झुंबड उडाली, तर ती तग धरेल की मान टाकेल, हे आधीच तपासायचं काम. त्यासाठी खरी माणसं गोळा करणं काही शक्य नसतं. म्हणून संगणकातच शे-दोनशे आभासी माणसं तयार करायची आणि साइटवर सोडायची. नेवाशाजवळच्या मळ्यात, घराच्या ओसरीवर बसून ती हे सगळं करायची आणि मधल्या वेळात मेथीही निवडायची.

तिचं हे सुख कंपनीला बघवलं नाही. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पुण्यात ऑफिसला यायचं, असं फर्मान निघालं. म्हणजे बायको पुण्यात आणि नवरा मळ्यात. स्नेहलला काही केल्या जायचं नव्हतं. तिने गोरक्षला, म्हणजे नवऱ्याला, हाताशी धरलं आणि मळ्यातच हुरडा पार्टी सुरू करायचं ठरवलं. पुण्या-नगरची माणसं हौसेने येतात. एवढं चाललं, की नोकरीला रामराम ठोकायचा.

आबांनी ऐकलं मात्र, आणि त्यांचं डोकंच फिरलं. “हुरडा इकायचा? अगं, हुरड्याला बोलवायचं असतं!” पण सून पुण्याला जाऊ नये, हे त्यांनाही मनातून वाटतच होतं. सासऱ्याने असलं सुनेला सांगायचं तरी कसं? दोन दिवसांनी ते म्हणाले, “एक रविवार देतो. जमलं तर फुडं बघू. न्हाई जमलं तर उरलेली ज्वारी दाण्यावर जाऊ दे, आन् तू पुण्याला जा.”

म्हणून ही साइट आणि म्हणून ही चाचणी. पुण्याच्या एका ग्रुपची बस आधीच ठरली होती. पुढच्या बुकिंगच्या वेळी साइट ऐनवेळी बसली, तर आबांना आयतंच कारण मिळालं असतं.

“मग सोड की त्यांना,” आबा शेजारी खुर्ची ओढून बसले. “पर एकदम समदी सोडू नगंस. बिचकतील.”

“हळूहळूच सोडणार आहे. दर मिनिटाला थोडी थोडी वाढवत न्यायची, दोनशे होईपर्यंत.”

“आन् पान उघडल्याबरुबर बटन दाबाया लावू नगंस. आपला माणूस आदी शेजाऱ्याला दावतो. मंग बायकूला इचारतो. मंग च्या येतो.”

स्नेहल हसली आणि तिने प्रत्येक आभासी माणसाला मधेमधे थांबायला लावलं. आबांना आता चेव चढला. काही जणांनी फॉर्म अर्धवट टाकून उठायचं आणि परत येऊन पुरा करायचा, काहींनी परत परत लहान पोरांचा दर बघायचा, असं त्यांनी एकेक सुचवलं आणि तिने तसंच बसवलं. गाडी नावांवर येऊन अडली. तिच्याकडच्या तयार यादीत सगळे जॉन, पीटर आणि एलिझाबेथ होते.

“पीटर कशाला मरायला येतोय नेवाशाला?” आबांनी खिशातून मोबाईल काढला. “ह्यातली घे नावं आन् नंबर. समदी आपली हायेत.”

चाचणी साइटच्या नकलेवर होणार होती, खऱ्या साइटवर नाही. त्यात नावं कुणाचीही असोत, काय बिघडतं, असा विचार करून स्नेहलने आबांचे सगळे नंबर उतरवून घेतले आणि बटण दाबलं. दोनशे माणसं आली, थबकली, चहा प्यायली, बुकिंग करून गेली. साइटला घामसुद्धा फुटला नाही.

“शाब्बास!” आबा म्हणाले, आणि त्यांचा मोबाईल वाजला.

पलीकडच्या वस्तीवरची दगडाबाई होती. खुरपणीच्या बायकांची टोळी तिच्या हाताखाली चालायची. आबा फोन नेहमी स्पीकरवरच घ्यायचे, त्यामुळे तिचा आवाज गोठ्यापर्यंत गेला.

“मच्छिंद्रा, म्या तोंडाळ व्हय रं?”

“कोन म्हनतं?”

“तूच म्हनतूस! पोरानं वाचून दावलं मला. ‘नमस्कार दगडाबाई तोंडाळ, रविवारी सकाळी हुरड्याला आपली जागा पक्की, सहकुटुंब यावे, आपला मच्छिंद्र.’ आदी नमस्कार, मंग शिवी! येते म्या. समदी टोळी घिऊन येते. मंग दावते तुला तोंडाळ कशी आसती!”

आबांनी फोन कानापासून लांब धरला. तो खाली ठेवतात न ठेवतात तोच नेवाशाचे चांदभाई. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, फक्त ते वेळेवर कधी यायचे नाहीत.

“आबा, हे ‘चांदभाई उद्यावाला’ काय भानगड हाय ओ?”

“ते... पोरानं सेव्ह केलं आसंल.”

“ऱ्हाऊ द्या. रविवारी उजाडायच्या आत हजर नाय झालो तर नाव बदलून टाका. घरचे समदे येतो, माझ्या भावाची, मेहताबची पोरंबी येतील.”

स्नेहलने घाईघाईने लॅपटॉप पुढे ओढला. तिने साइटची हुबेहूब नक्कल केली होती खरी, पण इतकी हुबेहूब, की मेसेज पाठवणारी खरी जोडणीसुद्धा तशीच नकलेत आली होती. माणसं खोटी, बुकिंग खोटं, मेसेज मात्र खरे गेले होते. आणि आबांनी लोकांना ज्या ज्या नावाने मोबाईलमध्ये ठेवलं होतं, त्या त्या नावाने गेले होते.

“आबा, आत्ताच्या आत्ता दुसरा मेसेज टाकते, चुकून गेला म्हणून.”

“खबरदार!” आबा ताडकन उठले. “बोलावनं धाडायचं आन् मंग येऊ नका म्हनायचं? उद्या तोंड कुठं लपवू?”

“अहो, पण पुण्याची बस येणार आहे. हुरडा पुरणार कसा?”

“पुरवू,” आबा म्हणाले. कसा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

कुणाला किती मेसेज गेले ते स्नेहलने काढलं, आणि मग तिने कपाळालाच हात लावला. प्रत्येक माणसाला वेगळं नाव द्यायला ती विसरली होती. त्यामुळे जो तो आभासी माणूस यादी वरूनच वाचायला लागला होता. आधी आलेले एकेका नावाने बुकिंग करत बरेच खालपर्यंत पोचले. शेवटी आलेल्यांना वेळच उरला नाही, त्यांनी पहिल्याच नावाने बुकिंग करून रजा घेतली. खालच्यांना एखाददुसरा मेसेज गेला होता. पहिल्या नावाला गेले होते दोनशे.

“आबा, हे ‘अण्णा’ कोण?”

आबांनी कान खाजवला. मग विहिरीकडे बघितलं. मग कुत्र्याला उगाच हाड केलं.

“तात्या,” मागून गोरक्ष हळूच म्हणाला.

कारभारी तात्या म्हणजे आबांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांच्या रानात फक्त एक बांध. पण गोरक्षच्या लग्नापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आबांनी लग्नाचं फोनवर एकदाच सांगितलं, आग्रह केला नाही, न्यायला कुणाला धाडलं नाही, म्हणून तात्या रुसले. सख्ख्या भावाला आग्रह कसला करायचा, म्हणून आबा रुसले. आपल्याकडे एकदा बोलावणं म्हणजे नुसता उपचार. दुसऱ्यांदा बोलावलं की माणूस ‘बघू’ म्हणतो, आणि हाताला धरून ओढल्याशिवाय तर कुणी उठत नाही. स्नेहलने तात्यांना आजवर बांधाच्या पलीकडूनच पाहिलं होतं.

“दोनशे,” आबा पुटपुटले. “आता त्यो म्हनंल, मच्छिंद्र माझी टिंगल करतोय.”

रविवारी चांदभाई खरोखरच उजाडायच्या आत आले. लवकर येऊन करायचं काय, म्हणून त्यांनी गेल्या पावसाळ्यापासून पडलेली मोटारही चालू करून टाकली. पाठोपाठ दगडाबाईची टोळी आली. मग पत्रे विकणारे दुकानदार, जनावरांचे डॉक्टर आणि स्वतःला ‘चिकट’ का म्हटलंय हे विचारायला आलेले एक सोसायटीचे चेअरमन. आगटी पेटली. दगडाबाई कणसं चोळता चोळता तोंड भरून बोलत होती आणि आबा प्रत्येकाच्या पुढ्यात गरम हुरडा ओतत होते. “घ्या की! एवढ्यानं काय हुतंय?”

पुण्याची बस लागली तेव्हा हुरड्यासाठी राखलेला रानाचा तुकडा निम्मा मोकळा झाला होता. पाहुणे बसले, चटणी आली, दही आलं, गूळ आला. हुरडा थोडा आला आणि मग येईचना.

“आमचं बुकिंग आहे हो,” एक बाई गोड आवाजात म्हणाल्या.

“आणते हं,” म्हणत स्नेहल रानाकडे धावली. गोरक्ष रिकामं पोतं घेऊन उभा होता. ज्वारीच्या उरलेल्या ताटांवरची कणसं एक तर कोवळी होती, नाहीतर निबर. झालं! पुण्याच्या लोकांना परत पाठवायचं, आणि मग आपणही त्यांच्याच मागोमाग पुण्याला जायचं. तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं.

तेवढ्यात आगटीजवळचा कलकलाट थांबला. दगडाबाईनेसुद्धा मान वळवली. बांधावर कारभारी तात्या उभे होते. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, एका हातात मोबाईल.

“मच्छिंद्रा,” ते ओरडले, “किती आग्रह करशील रं? त्या दिशी ह्यो वाजायचा थांबंना. तुझी वहिनी म्हनाली, आता तरी जावा, न्हाईतर ह्यो पुन्यांदा सुरू हुईल.”

आबांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग ते चालायला लागले, आणि बघता बघता त्या वयात चक्क पळाले. बांधाशी जाऊन त्यांनी भावाचा हात धरला आणि ओढला.

“चल, अण्णा.”

“नगं, नगं, घरी जेवन झालंय माझं.”

“चल म्हनतो ना!”

“बघू,” म्हणत तात्या बांध उतरले, आणि उतरता उतरता धाकट्या भावाच्या मोकळ्या रानाकडे त्यांची नजर गेली. “आरं, पाव्हनं बसल्यात आन् हुरडा कुठाय? माझी गुळभेंडी ज्वारी कालच हुरड्यात आलीया. धाड की मानसं, का त्यालाबी दोनशे निरोप पायजेत?”

दगडाबाईची टोळी विळे घेऊन बांधापलीकडे घुसली. मग मात्र हुरड्याचा पूर आला. पुण्याच्या बाईंनी “बास, बास” म्हटलं, तरी दोन बाजूंनी दोन म्हातारे त्यांच्या पानात ओतत राहिले. बाईंनी तिथंच पुढच्या रविवारचं बुकिंग केलं, आणि स्नेहलचा जीव भांड्यात पडला.

दुपारी आबांनी तिला गोठ्याआड गाठलं. “हे बघ, अण्णाला मशीनचं काय सांगू नगंस. म्या बोलावलं, म्याच मेसेज धाडलं. कळलं?”

“कळलं, आबा.”

थोड्या वेळाने ती पाटी घेऊन तात्यांच्या रानात गेली. तात्या एकटेच कणसं खुडत होते. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“पोरी, काम्प्युटर बिघडला हुता, व्हय ना?”

स्नेहलचा चेहराच उतरला. “तात्या, तुम्हाला कसं...”

“माझ्या भावाला एक ‘बरं’ धड टाइप करता येत न्हाई. त्यो दोनशे कुठनं धाडतोय? तिसऱ्यालाच कळलं मला.”

“मग आलात कसे?”

तात्यांनी एक कणीस खुडलं, उगाचच निरखलं. “पहिल्या आक्षरातच ‘नमस्कार अण्णा’ लिवलं हुतं. आख्ख्या गावाचा म्या तात्या. अण्णा म्हननारा एकच हाय. इतकी वर्सं बोलत न्हाई, पर फोनात मला अण्णाच ठिवलंय त्यानं.” त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी फेट्याच्या टोकाने पुसले आणि दरडावलं, “पर त्याला सांगू नगंस हां, मला ठावं हाय म्हनून. त्याला वाटू दे, आग्रह केला म्हनून आलो.”

बस गेली, माणसं पांगली, तरी दोघे भाऊ आगटीपाशी भांडत बसले होते.

“फुडचा रविवार माझ्या रानात,” तात्या म्हणाले. “गुळभेंडी माझी हाय.”

“सून माझी हाय!” आबा म्हणाले. “स्नेहल, उद्या कळवून टाक त्या कंपनीला, घरी लई काम हाय म्हनावं. आन् अण्णा, तुला बोलवायला बोटं कुनाची दुखली? टाइप करून करून आजून ठनकत्यात!”

“दुखनारच की,” तात्या गंभीरपणे म्हणाले. “दोनशे म्हंजी काय चेष्टा हाय?”

“मंग! खोटं वाटत आसंल तर हिला इचार.”

दोघांनी एकदमच स्नेहलकडे पाहिलं. दोघांचेही डोळे तिला बजावत होते. स्नेहलने पुढ्यातली हुरड्याची मूठ अख्खीच्या अख्खी तोंडात कोंबली आणि दोघांकडे बघून जोरजोरात मान हलवली.