म्हादूमामांचा कान

आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत कुणी नमस्कार करतं, कुणी सलाम करतं, कुणी नुसतंच खाकरतं. म्हादूमामा कान धरतात. समोरचा लहान असो नाहीतर म्हातारा, कानाची पाळी दोन बोटांत पकडायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "गार हाय. जा." मी इथं नवीन राहायला आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी माझा कान धरला. दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या नसत्या, तर त्या दिवशी गल्लीनं तमाशा बघितला असता.

मामा मूळचे पिशोरकडचे. घर मेंढरं राखणारं. तरुणपणी शहरात आले, एका कंपनीच्या गेटवर राखणीला लागले, रिटायर झाले. मामी वारल्या, मुलगा पुण्याला. आता कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच. मेंढरं सुटली, पण मेंढरांची खोड काही सुटली नाही. अजूनही बाजाराच्या दिवशी छावणीतल्या जनावरांच्या बाजारात जातात आणि घ्यायचं नाही, द्यायचं नाही, शेळ्यामेंढ्यांचे कान धरून परत येतात.

"जनावर तापलं का आधी कानाला कळतं," ते म्हणतात. "मुक्या जिवाला इचारता येतं व्हय, काय होतंय म्हणून?"

"पण मामा, माणसाला विचारता येतं की!"

"येतं ना. पण माणूस खरं कुठं सांगतंय?"

एकदा तर ह्याचा पुरावाच मिळाला. समोरच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. पोहे फिरतायत, गप्पा रंगल्यात, आणि मामांनी सरळ जाऊन नवऱ्या मुलाचा कान धरला. मुलीच्या बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मामा म्हणाले, "पोरगं लई तापलंय. पोहे ऱ्हाऊ द्या, गोधडी आणा." मुलाची आई फणकारली, "प्रवासाची दगदग आहे, दुसरं काही नाही!" तेवढ्यात मुलगा तिथंच दिवाणावर आडवा झाला. मुहूर्त मोडायला नको म्हणून बिचारा ताप अंगावर काढत होता. कपाळावर घड्या त्या मुलीनंच ठेवल्या, आणि लग्नही तिथंच ठरलं. लग्नात मामांना मानाचं उपरणं मिळालं. त्यांनी भटजींचा कान बघितला.

आमच्या ह्यांना एकदा अचानक ताप भरला. सर्दी नाही, खोकला नाही, कशाचा ताप ते कळेना. ह्यांनी ड्रॉवर उपसून कुठल्यातरी जुन्या दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या काढल्या. मामांनी त्या हातातून हिसकून घेतल्या.

"साहेब, ताप म्हंजे राखणीचं कुत्रं. भुंकलं म्हणून त्याच्या डोक्यात धोंडा घालता व्हय? मेंढरांच्या वाड्याला कोण आलंय ते बघा आधी."

"म्हणजे नेमकं काय करू?" हे वैतागून म्हणाले.

"पडून ऱ्हावा, पाणी पीत ऱ्हावा, साधी तापाची गोळी घ्या. दोन दिस वाट बघा. तरी भुंकतंच असलं तर डॉक्टर. पण मान ताठली, दम लागला, अंगावर लाल ठिपके आले, पोटात पाणी ठरंना, माणूस काहीबाही बडबडाया लागलं, तर घटकाभरबी थांबायचं नाय. अन् तान्हं लेकरू तापलं तर दोन दिसबी बघायचे नाय, तसंच उचलायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् तापलेलं जनावर गप पडलं का समजायचं, काम बिघडलं."

ह्यांनी बरं झाल्यावर थर्मामीटर आणला. मामांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. "ह्या काडीनं कधी मेंढरू राखलंय व्हय?"

तर असे हे मामा. पाऊस ओसरून डासांचा सुकाळ झाला होता, त्या दिवसांत ते दिसेनासे झाले. पहिल्या दिवशी, खरं सांगते, गल्लीला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना. कुणी कान धरला नाही की दिवस सुरू झाल्यासारखाच वाटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मामीटर घेऊन त्यांच्या दारात गेले.

भर उकाड्यात मामा घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसले होते. डोळे लालभडक, ओठ सुकलेले. एक हात स्वतःच्या कानावर.

"मामा, ताप आलाय तुम्हाला!"

"नाय. तीन दिस धरून बसलोय. कान गार हाय."

मी थर्मामीटर काढला. मामांनी लहान लेकरासारखं तोंड घट्ट मिटून घेतलं. बोलले नाहीत, भांडले नाहीत, नुसते गप. ते गप बसणं बघून मला त्यांचंच तापलेल्या जनावराचं बोलणं आठवलं. मी म्हटलं, गेली लाजलज्जा खड्ड्यात, आणि बापाच्या वयाच्या त्या माणसाचा कान धरला. तव्याला हात लावावा तसं झालं.

"अहो मामा, हातही तापलाय तुमचा! तापलेल्या हाताला तापलेला कान कधी गरम लागेल का?"

मामा माझ्याकडं बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कान धरले, पण हा हिशेब त्यांच्या ध्यानातच आला नव्हता.

"आमची होती ना," ते हळूच म्हणाले, "तवा ती धरायची माझा. मला कदी बघावंच लागलं नाय."

मी त्यांना उठवायला हात दिला. घोंगडी सरकली तर दंडावर लाल ठिपके. ह्यांनी रिक्षा आणली. वाटेत मामांचा हात सवयीनं रिक्षावाल्याच्या कानाकडं गेला. "अरे मामा, कान छोडो, गाडी ठुकेगी!" तो ओरडला, तेव्हा कुठं मला जरा धीर आला.

डेंग्यू निघाला. डॉक्टर आम्हालाच रागावले, म्हणाले अजून उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं. मुलगा पुण्याहून धावत आला, बापाजवळ बसून राहिला. मामा हळूहळू सुधारले. नर्सबाईंनी येऊन तक्रार केली की पेशंट सगळ्या वॉर्डाचे कान धरतोय, तेव्हा आम्ही घरी पेढे वाटले.

आता सगळं पूर्वीसारखं आहे. मामा रोज सकाळी आमच्या दारात येतात, माझा कान बघतात, "गार हाय," म्हणतात. पण जात नाहीत. टोपी मागं सारतात, मान जराशी तिरकी करतात आणि रस्त्याकडं बघत उभे राहतात, जसं काही आपलं कामच नाही.

ताप नसतोच. तरी मी पदराला हात पुसते आणि त्यांचा कान धरते. चांगला वेळ लावून धरते.