डावीकडे वीस, उजवीकडे दहा

मान डावीकडे वळवली की माणिकराव ट्रेसर वीसपर्यंत मोजायचे, उजवीकडे वळवली की फक्त दहापर्यंत. रोज सकाळी सहाला, आमच्या दोघांच्या घरांमधल्या अंगणात, पूर्वेला तोंड करून आणि चांगलं मोठ्यानं. त्यांच्या उजव्या हाताला त्यांचं घर, डाव्या हाताला आमचं. आणि आमच्या ओट्यावर शिलाई मशीन चालवत बसलेली माझी बायको, कुसुम. आता तुम्हीच सांगा, नवऱ्यानं काय समजायचं?

सोनपेठच्या कालव्याच्या ऑफिसात ते नकाशे गिरवायचे. दिवसभर टेबलात तोंड खुपसून त्यांची मान एकदा अशी आखडली, की हाक आली तर अख्खा माणूस वळायचा. तेव्हापासून त्यांनी हे व्यायाम धरले आणि मग गावाला धरलं. हॉटेलात, एसटीत कुणाचे खांदे चढलेले दिसले की म्हणायचे, "सोडा की खाली. कुणी न्यायलं न्हाई तुमचे खांदे." कुणी झटक्यानं मान फिरवली की, "सावकास! मान हाय, नळाची तोटी न्हाई."

एकदा आठवडी बाजारात वांगीवालीपुढं उभं राहून ते मान डावी-उजवी करत होते. तिला वाटलं, गिऱ्हाईक नको म्हणतंय. तिनं दोनदा भाव उतरवला. माणिकरावांनी मात्र पहिल्याच भावानं पैसे दिले. "घासाघीस मानेनं केली, म्या न्हाई," म्हणाले. ती बाई पुढं त्यांना निवडून वांगी द्यायला लागली. मी त्याच बाईशी अर्धा तास हुज्जत घालून किडकी आणायचो.

तेही सोसलं असतं. पण ब्लाऊज शिवून शिवून कुसुमचा खांदा धरला होता. दोन वर्षं मी परभणीहून मलमाच्या बाटल्या आणल्या, स्वतः चोळल्या. माणिकरावांनी तिकडच्या तिकडं उभं राहून सांगितलं, "वैनी, कान खांद्याकडं न्या. खांदा कानाकडं न्हाई. आता श्वास सोडा." महिनाभरात कुसुम वरच्या दोरीवर कपडे वाळत घालायला लागली. "भाऊजींच्या हाताला गुण हाय, माय," असं ती गल्लीभर सांगत सुटली. हात तर त्या माणसानं लावलाच नव्हता! मलमाचं नावसुद्धा तिनं काढलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

शेवटी एका सकाळी मी ओटा उतरून त्यांच्या आणि मशीनच्या मधे उभा राहिलो. "माणिकराव, आमच्याकडंच वीस का?"

मान न हलवता त्यांनी आधी वीस पुरे केले. मग म्हणाले, "गुरुजी, इकडं तुमचं घर हाय. सकाळच्याला तुमी च्यावरून भांडता, वैनी तुमाला बोलतेत, पोरगं पाढे चुकतंय. ऐकतच ऱ्हावं वाटतंय. लय हेवा वाटतो बगा तुमचा." मग उजवीकडं वळले. "तिकडं माझं दार. आत कोन हाय? दहा बी लय होतेत."

माझा हेवा! अख्ख्या सोनपेठात माझा हेवा करणारा एक माणूस निघाला, आणि मी वर्षभर त्याच्यावरच जळत होतो. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

घरात गेल्यावर कुसुमला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन कप चहा माझ्या हातात दिला. त्यात आलं ठेचून घातलं होतं. माझ्या एकट्याच्या चहात तिनं कधी आलं घातलं नव्हतं. ते मला झोंबलंच. तरी मी कप घेऊन माणिकरावांच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो.

त्यांनी डावीकडं वीस मोजले. मान उजवीकडं वळली आणि मी दिसलो. आठ, नऊ, दहा म्हणून ते थांबले. एकदा कपाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले, "अकरा."